नांदेडचे दादाजी

नांदेड म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे गोदावरीकाठचं मराठवाड्यातलं मोठं शहर उभं राहतं. आमच्याकडचं नांदेड वेगळं. हे चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातलं लहानसं खेडं. बाजूला जंगल, भोवती धानाच्या बांध्या, आणि पावसाळा लागला की गुडघाभर चिखल. नकाशावर शोधायला गेलात तर बोट दोनदा फिरवावं लागेल. पण तुमच्या घरात कधी बारीक, मोकळा शिजणारा एचएमटी तांदूळ आला असेल, तर या गावाचं तुमच्यावर देणं आहे. तो तांदूळ या गावच्या दादाजी रामाजी खोब्रागडे यांच्या शेतातून निघाला.

दादाजींची गोष्ट सांगायची तर आधी आमचा मुलूख सांगावा लागतो. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्वभाग मिळून होते ती झाडीपट्टी. विदर्भ म्हटलं की लोकांना कापूस आठवतो, पांढरं सोनं आठवतं. ते पश्चिमेकडं. आमच्याकडे धान. बोलणं धानाचं, उधारी धानाची, लग्नाची तारीखही धान घरात आल्यावरची. मृगाचा पाऊस पडला की पऱ्हे टाकायचे, आषाढात चिखलणी करून रोवणी करायची, मग तलावाच्या पाण्याकडे डोळे लावून बसायचं. पूर्वजांनी खणलेले, मालगुजारांच्या काळचे ते तलाव. मालगुजारी १९५१ साली गेली, तलावांना लोक अजूनही मामा तलाव म्हणतात, म्हणजे माजी मालगुजारी. दिवाळीच्या आगेमागे कापणी. बांधीत कडपा पसरलेला, मग भारे, मग खळ्यावर पुंजणं, मग चुरणं. धान घरात आलं की मंडई भरायची, रात्ररात्र नाटकं चालायची, माणसं जरा सैल व्हायची.

या सगळ्यात बी-बियाण्याचा एक वेगळाच कायदा होता. कुठं लिहिलेला नव्हता, पण सगळ्यांना पाठ होता. पुढच्या सालाचं बी घरातली बाई निवडून ठेवायची. कणगीतलं खायचं धान वेगळं आणि बियाण्याचं वेगळं. उपासमारीच्या महिन्यातही बियाण्याला हात लावायचा नाही. एखाद्याचं बी बुडालं, कीड लागली, तर तो शेजाऱ्याकडे जायचा. शेजारी नाही म्हणत नसे. पुढच्या हंगामात घेतलेलं बी परत करायचं, सोबत पायली-दोन पायली जास्त घालायची. सावकाराकडून घेतलं तर मात्र सवाई किंवा दिढी. म्हणजे एक पोतं नेलं की सव्वा नाहीतर दीड पोतं परत. बी देणं हे नात्याचंही होतं आणि व्याजाचंही. कुणी कशासाठी दिलं, यावरून त्याची गावात पारख व्हायची.

दादाजी या कायद्यात वाढलेले. दलित घरातला माणूस, शिक्षण तिसरीपर्यंत. पुढं शाळेऐवजी शेत आणि मजुरी. जमीन थोडी. मुलाच्या आजारपणात तीही विकावी लागली, आणि नंतरची वर्षं नात्यातून मिळालेल्या दीडेक एकरावर गेली. दीड एकर म्हणजे काय, हे शेती न करणाऱ्यांना सांगायला हवं. आमच्याकडे दीड एकरात नांगर वळवायला सुरुवात केली की तोच धुरा आडवा येतो. त्यावर कुटुंब जगत नाही, फक्त टिकून राहतं. बाकीचं पोट दुसऱ्याच्या बांधीत भरावं लागतं. अशा माणसानं प्रयोगासाठी जमिनीचा तुकडा बाजूला काढणं म्हणजे स्वतःच्या ताटातला घास बाजूला काढणं.

१९८३ सालची गोष्ट. शेतात पटेल-३ नावाचं धान होतं. त्या वेळी ते आमच्या भागात बरंच लावलं जाई. उभ्या पिकात दादाजींना काही लोंबी वेगळ्या दिसल्या. मोजून तीन. रंग पिवळसर, दाणा बारीक. दुसऱ्या कुणी त्या भेसळ म्हणून उपटून फेकल्या असत्या, किंवा कापणीत बाकीच्यांबरोबर गेल्या असत्या. धानाच्या शेतात वेगळी लोंब दिसणं ही तशी नवलाची गोष्ट नाही. नवल आहे ते थांबण्यात. दादाजींनी त्या तीन लोंबी वेगळ्या खुडल्या, प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवल्या आणि पुढच्या पावसाळ्याची वाट पाहिली.

पुढच्या साली ते दाणे त्यांनी शेताच्या मधोमध एका लहान तुकड्यात लावले. जंगल जवळ, रानडुकरांचा त्रास. म्हणून भोवती काटेरी झुडपांचं कुंपण घातलं. कृषी विद्यापीठांत अशा तुकड्याभोवती जाळी असते, पाटी असते, नोंदवही असते, पगारी माणूस असतो. इथं काटे होते आणि एक शेतकरी होता. पीक आलं. दाणा पुन्हा बारीकच निघाला. मग तेच बी वेगळं राखून पुढच्या साली, मग त्याच्या पुढच्या साली. चार-पाच हंगाम हे चाललं.

यात शास्त्र नव्हतं असं कुणी समजू नये. धान हे बहुतांशी स्वतःच्याच परागानं फळणारं पीक आहे. त्यामुळे एका लोंबीचे गुण तिच्या लेकरांत पुष्कळसे टिकतात. पण एखादी लोंब वेगळी निघते ती निसर्गातल्या एखाद्या बदलामुळं किंवा चुकून झालेल्या संकरामुळं, आणि मग पुढच्या पिढीत सगळी रोपं सारखी निघतीलच असं नसतं. उंच-बुटकी, लवकरची-उशिराची, जाड दाण्याची-बारीक दाण्याची अशी सरमिसळ येते. दर साली शेतात फिरून नको ती रोपं काढायची आणि हवी ती राखायची, हीच वाण तयार करण्याची सगळ्यात जुनी रीत. जगातल्या सगळ्या शेतकऱ्यांनी हजारो वर्षं हेच केलं म्हणून आज आपल्यापुढे भात आहे, गहू आहे. दादाजींनी ती रीत शाळेत शिकली नव्हती. डोळा आणि धीर, एवढंच भांडवल.

बी पुरेसं झालं तेव्हा त्यांनी ते तिजोरीत ठेवलं नाही. गावातल्या लोकांना दिलं. नव्वदच्या सुमारास गावातल्याच एका मोठ्या जमीनदार शेतकऱ्यानं ते बी नेऊन आपल्या काही एकरांत लावलं. दीड एकरवाल्याचं बी मोठ्या शेतात गेलं तेव्हा कुठं त्याची खरी ताकद दिसली. उतारा चांगला आला, आणि धान तळोधीच्या बाजारात गेलं. व्यापाऱ्यानं मुठीत घेऊन दाणा पाहिला. असा बारीक माल त्यानं आधी पाहिलेला नव्हता. नाव काय, तर नाव कुठं होतं! बिनानावाचा माल विकायचा कसा? त्या काळात एचएमटीचं मनगटी घड्याळ म्हणजे प्रतिष्ठेची वस्तू. नोकरी लागली की घ्यायचं, जावयाला द्यायचं. व्यापाऱ्यानं धानाला तेच नाव ठेवलं: एचएमटी. बंगलोरच्या कारखान्याचं नाव चंद्रपूरच्या चिखलातल्या दाण्याला चिकटलं. पुढं ते घड्याळाचे कारखाने बंद पडले. तांदूळ मात्र अजून दुकानात त्याच नावानं मागितला जातो.

या बारशात एक गोष्ट राहून गेली. घड्याळाच्या कंपनीला नाव मिळालं, व्यापाऱ्याला माल मिळाला, खाणाऱ्याला चांगला भात मिळाला. ज्यानं तीन लोंबी खुडल्या त्याचं नाव पोत्यावर कुठंच नव्हतं.

एचएमटी आमच्या घरी आलं ते बाजारातून नाही. मामा नागभीडकडच्या सोयऱ्याकडून पायलीभर बी घेऊन आले होते. बाबांनी ते एका बांधीत लावलं. त्याआधी आमच्याकडे लुचई असायची, थोडंसं सणासुदीपुरतं चिन्नोर. पहिल्या साली बाबा खळ्यावर दाणे तळहातावर घेऊन फुंकर मारत बसले होते, ते मला स्पष्ट आठवतं. भात शिजला तेव्हा आजी म्हणाली, "पाहुण्याले वाढासारखा आहे." आमच्याकडे याहून मोठं प्रशस्तिपत्र नाही. दुसऱ्या साली बाबांकडून तिघांनी बी नेलं. त्या तिघांकडून किती जणांनी नेलं कोण जाणे. बी कुठून आलं, हे कुणी विचारलं की बाबा म्हणायचे, "सोयऱ्यानं देल्लं." त्यांच्या मनात बियाण्याला मालक नसतोच, घर तेवढं असतं. आज या घरी, उद्या त्या घरी.

अशाच हातांनी एचएमटी पसरलं. सरकारी योजना नव्हती, जाहिरात नव्हती, कंपनीचा एजंट नव्हता. माहेरी आलेल्या लेकीच्या गाठोड्यातून, रोवणीला परगावी गेलेल्या मजुराच्या पिशवीतून, बाजारातल्या ओळखीतून ते विदर्भाबाहेर छत्तीसगड, मध्य प्रदेश, तेलंगणापर्यंत गेलं. बारीक तांदळाला मोठ्या दाण्यापेक्षा भाव जास्त मिळतो. ज्यांनी लावलं त्यांच्या हातात चार पैसे जास्त आले. कुणी घरावर कवेलू बदलले, कुणी पोरीला बारावीच्या पुढं शिकवलं. हे पैसे मोजणारी वही कुणाकडे नाही.

पुढचा भाग सांगताना जीभ जड होते. १९९४ साली सिंदेवाहीच्या धान संशोधन केंद्रानं दादाजींकडून हे बी नेलं. हे केंद्र अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं. १९९८ साली विद्यापीठानं पीकेव्ही एचएमटी या नावाचा वाण प्रसारित केला. विद्यापीठाचं म्हणणं असं, की शेतकऱ्यांकडच्या बियाण्यात सरमिसळ होती, ती काढून आम्ही शुद्ध वाण दिला. शुद्धीकरण हेही कामच आहे, त्याला मेहनत लागते, हे मान्य केलं पाहिजे. पण ज्या मुळाचं शुद्धीकरण केलं ते मूळ कुणाचं, हा प्रश्न उरतोच. दादाजींचं गाऱ्हाणं तेवढंच होतं. बी आमच्या शेतातलं, मग नाव का नाही?

गावात याची एक जुनी उपमा आहे. गाय एकाची, दूध गाळणारा दुसरा. गाळणं महत्त्वाचं खरं, पण म्हणून गाय गाळणाऱ्याची होत नाही.

या सगळ्यात दादाजी थांबले नाहीत, हे मला सर्वांत मोठं वाटतं. एखाद्यानं म्हटलं असतं, एकदा दिलं आणि हातात काय आलं? आता पुरे. त्यांनी पुन्हा शेतात फिरणं सुरू ठेवलं. नांदेड चिन्नोर, नांदेड हिरा, विजय नांदेड, दीपक रत्न, काटे एचएमटी, डीआरके असे एकामागून एक वाण त्यांनी निवडून काढले. नावं पाहा. गावाचं नाव आहे, घरातल्या पोरांची आठवण आहे. डीआरके ही त्यांच्याच नावाची अद्याक्षरं: दादाजी रामाजी खोब्रागडे. पहिल्या वेळी व्यापाऱ्यानं घड्याळाचं नाव दिलं होतं. या वेळी दाण्यावर माणसाचं नाव आलं. एचएमटीच्या वेळी जे हातून गेलं होतं, ते त्यांनी असं शांतपणे परत मिळवलं. आणि नवीन वाणही ते मागेल त्याला देत राहिले.

मग उशिरा का होईना, बाहेरच्या जगाला जाग आली. अहमदाबादच्या राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठाननं, म्हणजे शेतकरी-कारागिरांच्या शोधांची नोंद घेणाऱ्या संस्थेनं, त्यांचं काम पुढं आणलं. २००५ साली राष्ट्रपती ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. तिसरी शिकलेला शेतकरी आणि अग्निबाणांचा शास्त्रज्ञ समोरासमोर उभे राहिले. राज्य सरकारनंही सन्मान केला. २०१० साली फोर्ब्स या मासिकानं ग्रामीण भारतातल्या सात प्रभावी उद्योजकांच्या यादीत त्यांचं नाव घातलं. फोर्ब्स म्हणजे जगातल्या कोट्यधीशांच्या याद्या छापणारं मासिक. त्यात दीड एकरवाला माणूस! आमच्याकडे लोक हसले आणि त्यांना अभिमानही वाटला. उद्योजक म्हणजे धंदा करून पैसा उभा करणारा, अशी आमची समजूत. दादाजींनी धंदा उभा करून दिला, पण तो दुसऱ्यांचा.

सन्मानाची शाल अंगावर पडते, कर्ज उतरवत नाही. घरची ओढाताण कमी झाली नाही. शेवटच्या काळात अर्धांगवायूनं त्यांना गाठलं. उपचाराला पैसे कमी पडत असल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत आल्या, मदतीची आवाहनं झाली. ज्याच्या तांदळावर गिरण्या चालल्या, गोदामं भरली, त्याच्या औषधासाठी लोकांपुढे हात पसरावा लागला. गडचिरोलीजवळ डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या शोधग्रामातल्या सर्च संस्थेच्या दवाखान्यात ३ जून २०१८ रोजी, रविवारी, दादाजींनी शेवटचा श्वास घेतला. रोहिणी सरत आल्या होत्या. चार-पाच दिवसांत मृग लागणार होता, म्हणजे गावोगाव पऱ्ह्यांसाठी बी बाहेर निघण्याची वेळ.

त्यांच्या मृत्यूनंतर पुष्कळ लिहून आलं. बहुतेकांचा सूर एकच: भोळा शेतकरी, जगानं फसवला. मला हे अर्धंच खरं वाटतं. अन्याय झाला, यात वाद नाही. पण दादाजी भोळे होते म्हणून त्यांनी बी वाटलं, हे म्हणणं म्हणजे आमच्या सगळ्या शेतकरी रीतीलाच भोळी म्हणणं. त्या रीतीत वाटणं हा व्यवहार होता आणि विमाही होता. माझ्या शेतातलं बी एखाद्या साली बुडालं, तर ते तुमच्या शेतात जिवंत असावं. दहा घरी गेलेलं बी मरत नाही. एका कणगीत ठेवलेलं बी एका उंदरानं किंवा एका पुरानं संपतं. दादाजींनी तीन लोंबी एकट्यानं जपल्या, पण एचएमटी जिवंत राहिलं ते वाटल्यामुळे. दया आणि शहाणपण इथं वेगळं करता येत नाही.

फसगत झाली ती वाटण्यात नाही. ती झाली दोन रीती एकमेकींसमोर आल्या तिथं. एका बाजूला बी हाताहातानं जाणारं, ज्यावर नाव लिहायची गरज नसते, कारण देणारा-घेणारा एकमेकांच्या लग्नाला जातात. दुसऱ्या बाजूला कागद, नोंदणी, प्रसारणाचं वर्ष, वाणाचा क्रमांक. या दुसऱ्या जगात ज्याचं नाव कागदावर नाही तो नव्हताच. दादाजी पहिल्या जगाच्या नियमानं वागले आणि त्यांचा निवाडा दुसऱ्या जगाच्या नियमानं झाला.

कायदा या बाबतीत अगदीच आंधळा नाही, हेही सांगायला हवं. २००१ साली संसदेनं पीक वाणांचं संरक्षण आणि शेतकऱ्यांचे हक्क यांचा कायदा केला. त्यात शेतकऱ्यानं तयार केलेला वाण त्याच्या नावानं नोंदवता येतो. कलम ३९ प्रमाणे शेतकऱ्याला आपल्या शेतातलं बी राखायला, पेरायला, बदलायला, वाटायला आणि विकायलाही मुभा आहे. फक्त दुसऱ्याच्या छापाच्या पिशवीत भरून विकता येत नाही. म्हणजे आमच्या आज्या जे करत होत्या, ते आता कायद्यानंही बरोबर आहे. दादाजींचं बी सिंदेवाहीला गेलं ते या कायद्याच्या सात वर्षं आधी. आज एखाद्याला शेतात वेगळी लोंब दिसली, तर तिला वाटताही येईल आणि तिच्यावर नावही लावता येईल. दोन्ही एकत्र होऊ शकतं. ते करायचं तर मात्र तालुक्याच्या गावी कुणीतरी कागद भरून द्यायला बसलेलं हवं, आणि तिसरी शिकलेल्या माणसाचं बोलणं ऐकून घेणारं हवं. कायदा असणं वेगळं आणि तो दीड एकरापर्यंत पोचणं वेगळं.

आता झाडीपट्टीतही चित्र पालटलं आहे. रोवणीला यंत्रं येतात, कापणीला हार्वेस्टर येतो. बी बहुतेक घरांत दुकानातून येतं, चकचकीत पिशवीत, मागं बारीक अक्षरांत सूचना. बियाण्याची कणगी कित्येक घरांतून गेली. ती निवडणारी बाई सुपासकट माजघरातून उठली. उत्पन्न वाढलं असेल, कष्ट काही कमी झाले असतील. पण हार्वेस्टर एका दिवसात जेवढं शेत कापतो, तेवढ्यात कुणी उभ्या पिकातून सावकाश फिरत नाही. वेगळी लोंब आजही येत असेल. निसर्गानं तिचं येणं बंद केलेलं नाही. तिला पाहायला कुणी बांधावर नसतं, एवढंच.

म्हणून दादाजींची आठवण पुतळ्यात ठेवण्यासारखी नाही. ती एका सवयीत ठेवण्यासारखी आहे. शेतकऱ्यानं कापणीआधी एक फेरी रिकाम्या हातानं आपल्याच शेतात मारावी, घाई न करता. वेगळं दिसेल ते खुडून वेगळं बांधावं, वर तारीख लिहावी, खाली आपलं नाव लिहावं. आणि पुढच्या साली ते बी निपजलं, तर पहिली पायली शेजाऱ्याला द्यावी.